चतुर्थीचा कंदील

चतुर्थीचा चंद्र उशिरा येतो.

पौर्णिमेचं तसं नाही. सूर्य पश्चिमेला बुडतो न बुडतो तोच पूर्वेच्या उंबरठ्यावर पूर्णवदन, सुवर्णकांती चंद्र हजर. चतुर्थीचा चंद्र आधी अंधार पाठवतो. मग आणखी अंधार पाठवतो. नक्षत्रांचे दिवे लागतात, खाडीचं कृष्णनील पाणी त्यांना झेलतं, सोडतं, पुन्हा झेलतं. दवाने जड झालेली हेमंताची हवा आंब्याच्या कोवळ्या मोहोराचा वास अंगणाअंगणातून फिरवते. वाट बघणाऱ्याचा जीव पुरता मेटाकुटीला आला की मग कुठे सह्याद्रीच्या कडेवर, तांबूस, माथ्याशी जरासा झिजलेला, तो सावकाश वर सरकतो. त्याला घाई नाही. आपल्यासाठी कुणी उपाशी बसलंय हे त्याच्या गावीही नसतं.

सावरबाव हे गाव खाडीच्या कुशीत आणि डोंगराच्या पायाशी. समोर पाणी, पाठीशी डोंगर, डोंगराच्या माथ्यावर सडा. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. पावसाळ्यात हरिततृण, हेमंतात पीततृण, आणि बारा महिने वाऱ्याचं. पंचांगात चंद्रोदय नऊ वाजून सतरा मिनिटांनी लिहिलेला असेल, तर सावरबावच्या अंगणात चंद्र उतरायला साडेदहा वाजतात. मधला सव्वा तास डोंगर खातो.

त्या सव्वा तासाची ही गोष्ट आहे.

*

विश्राम मयेकर खाडीवरच्या लाँचवर तिकिटं फाडायचा, आणि फाडलेल्या तिकिटांच्या पाठीवर कविता लिहायचा. कविता चंद्रावर. उगवत्या चंद्रावर, मावळत्या चंद्रावर, ढगाआडच्या, पाण्यातल्या, भरदिवसा आकाशात विसरून राहिलेल्या चंद्रावर. लाँचवरची माणसं त्याची थट्टा करायची. "काय विश्रामभाऊ, पुनव झाली की तिकीट देणार की आधीच देणार?" तो हसायचा. मोड देताना चुकायचा, कवितेत चुकायचा नाही. निदान त्याला तसं वाटायचं.

पण चंद्र त्याच्या आयुष्यात आला तो कवितेच्या वाटेने नव्हे, भुकेच्या वाटेने. हे तो पुढे विसरला. आपण विसरायचं नाही.

लग्नाच्या पहिल्या वर्षी सुगंधा एकोणीस वर्षांची होती. पलीकडच्या तीरावरची, सपाट रेतीच्या गावातली, जिथे चंद्र वेळेवर येतो. सासरची पहिली संकष्टी आली आणि सासूने सांगितलं, "आमच्याकडे पंचांग बघून उपास सोडत नाहीत. चंद्र डोळ्यांनी बघायचा, अर्घ्य द्यायचं, मग घास." बिचारी होय म्हणाली. दिवस गेला, संध्याकाळ गेली. नऊ वाजले, सव्वानऊ वाजले, साडेनऊ वाजले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ती नवी नवरी पदराचा बोळा पोटाशी घट्ट धरून काळ्याकभिन्न डोंगराकडे बघत बसली होती, आणि विश्रामने तिला तसं बसलेलं पाहिलं.

तो काही बोलला नाही. आई समोर असताना बायकोला काही बोलायची रीत नव्हती. त्याने खुंटीवरचा कंदील काढला, वात पेटवली आणि मागच्या पायवाटेने, करवंदीच्या जाळ्या चुकवत, धापा टाकत, सडा गाठला.

वर चंद्र केव्हाचा आला होता.

हातभर वर. तेजोगौर, निःशब्द. सगळा सडा त्या कौमुदीत न्हाऊन निघालेला. गवताची पाती पाती, दगडाचा खळगा खळगा, रचलेल्या चिऱ्यांच्या बुटक्या भिंतीचा, गडग्याचा, सांधा सांधा उजळलेला. विश्राम कड्याच्या टोकाशी गेला. खाली अंधाराच्या विहिरीत त्याचं घर होतं. हाक मारून उपयोग नव्हता, हाक वारा घेऊन जायचा. त्याने कंदील उंच धरला आणि तीनदा हलवला. उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे. एकदा, दोनदा, तीनदा.

खाली बराच वेळ काही नाही. मग तुळशीपाशी एक इवलं निरांजन लागलं.

ते तिचं उत्तर होतं. दिसला हो तुमचा कंदील, देते अर्घ्य, बसते जेवायला.

आई कुरकुरली, पण तिने मान्य केलं. "घरातल्या एकाने बघितला म्हणजे सगळ्यांनी बघितला. पण बघितला पाहिजे." त्या दिवसापासून घराला नवा रिवाज लागला, आणि सव्वा तासाची भूक सुगंधाच्या कपाळावरून पुसली गेली.

उतरताना विश्रामला पहिली ओळ सुचली. उतरताना, चढताना नव्हे. चढताना त्याच्या डोक्यात फक्त तिची भूक होती.

*

वर्षं गेली. चंद्राला वर्षांचं काय, तो झिजतो आणि भरतो. माणूस नुसता झिजतो.

सासू गेली. सुगंधाची कूस उजवली नाही. संकष्टीचा उपास तिने मुलासाठी धरला होता. पस्तिशी उलटली, चाळिशी उलटली, तरी तिने तो सोडला नाही. शेजारच्या वैजूवहिनींनी एकदा कुंपणावरून विचारलंच, "अगो, आता कशासाठी करतेस हे?" सुगंधा नारळ खवत होती. खवता खवता म्हणाली, "आता यांच्या पुस्तकासाठी. बाप्पाने मूल दिलं नाही, तर निदान एवढं तरी द्यावं. तिकिटांवरून पुस्तकात येऊ दे यांचा चंद्र." आणि हसली. त्या हसण्यात काय काय होतं ते वैजूवहिनींना कळलं. विश्राम ओटीवर बसून यमक शोधत होता.

खाडीवर पूल झाला. लाँच बंद पडली. तिकिटं संपली, मग त्याने वही घेतली. वीज आली, घराघरात दिवे आले, पण चतुर्थीला कंदीलच जायचा. सुगंधा दुपारीच त्याची काच राखुंडीने घासून, मऊ फडक्याने पुसून लख्ख करायची, तेल भरायची, वात कातरायची. "काच काळी असली की खाली काही दिसत नाही," ती म्हणायची. "मग मी काय अंदाजाने जेवू?"

एकतीस वर्षं. महिन्याची एक संकष्टी धरा आणि तुम्हीच हिशेब करा. पावसाळ्यातल्या ढगाळ चतुर्थ्या सोडल्या, तर विश्रामने एकदाही कंदील हलवायचं चुकवलं नाही. पण काहीतरी बदललं होतं. आधी तो कंदील हलवायला वर जायचा आणि उतरताना ओळ घेऊन यायचा. आता ओळ आणायला वर जायचा आणि जाता जाता कंदील हलवायचा. फरक एवढासाच. बाहेरून बघणाऱ्याला दिसलाही नसता. सुगंधाला दिसला होता. ती काच पुसत राहिली, कारण कंदील तर हलत होता.

कवितेची भूकही भूकच असते, हे खरं. पण ती लागलेल्या माणसाला दुसऱ्याची भूक दिसेनाशी होते.

*

त्या वर्षी पौषात अंगारकी आली. मंगळवारची चतुर्थी, वर्षभराच्या उपासांचं पुण्य एका दिवसात देणारी.

सुगंधाला दोन वर्षांपासून साखरेचा आजार जडला होता. तालुक्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "काकू, उपास आता बंद. गोळी घेऊन पोट रिकामं ठेवायचं नाही." तिने मान हलवली होती. बायका डॉक्टरांपुढे हलवतात तशी. अंगारकीच्या सकाळी गोळी तिने नेमाने घेतली, आणि उपासही नेमाने धरला. दोन्ही नेम. एक डॉक्टरांचा, एक बाप्पाचा. दोघांनाही दुखवायचं नाही, हा तिचा स्वभाव.

दिवसभर तिने मोदक वळले. एकवीस. तांदळाच्या उकडीचे, गूळखोबऱ्याचे, कळीदार, शुभ्रनितळ. केळीच्या पानावर मांडून ओल्या फडक्याने झाकून ठेवले. वाफेवर वेलदोड्याचा वास घरभर दरवळत राहिला, आणि तिने पाण्यापलीकडे काही तोंडात घातलं नाही.

संध्याकाळ उतरली. रक्तवर्ण, मग जांभळी, मग राखी. विश्रामने वही बगलेत घेतली, कंदील उचलला. ती खांबाला टेकून बसली होती.

"लवकर दाखवा हो आज कंदील," ती म्हणाली. "सकाळपासून डोळ्यांपुढे काजवे चमकतायत."

"चंद्र काय माझ्या हातात आहे?"

"चंद्र नाही. कंदील आहे."

तो हसला. चांगलं बोललीस, म्हणाला. कवितेत घालतो, म्हणाला. आणि निघाला.

*

त्या रात्रीचा उगवता चंद्र सावरबावने पाहिला नाही, एकट्या विश्रामने पाहिला.

आधी सह्याद्रीच्या शिखररेषेवर धूसर केशरी आभा. मग आभेच्या गर्भातून एक अग्निकण. मग तो कण वाढला, विस्तारला, डोंगराच्या कडेवर हात टेकून वर आला. ताम्रवर्ण, भव्य, इतका जवळ की विश्रामला वाटलं आपण बोललो तर तो ऐकेल. सड्यावरचं दवभिजलं गवत एका क्षणात रौप्य झालं. दूर खाडी उजळली. आकाश, पाषाण, पाणी, आणि त्या तिघांच्या मध्ये उभा असलेला एक पन्नाशी उलटलेला माणूस, सगळे एकाच श्वासाचे झाले.

आणि ओळ आली.

अशी ओळ त्याला एकतीस वर्षांत आली नव्हती. यमक न शोधता, मात्रा न मोजता, आपल्या पायांनी चालत आली. वारा होता, कंदिलाची ज्योत फडफडत होती. कड्याच्या टोकाशी लिहिणं शक्य नव्हतं. तो चार पावलं मागे आला, चिऱ्यांच्या गडग्याच्या आडोशाला बसला, कंदील मांडीशी ठेवला, वही उघडली.

दोन ओळी लिहितो, मग हलवतो. एवढंच तो मनाशी म्हणाला. यात पाप कुठे आहे? दोन ओळींचा तर प्रश्न.

दुसरी आली. दुसरीच्या मागोमाग तिसरी आली. तिसरीने चौथीचा हात धरला होता. विश्राम लिहीत गेला. चंद्र ताम्राचा सोन्याचा झाला, सोन्याचा रुप्याचा झाला. गडग्याच्या आड एक पिवळा उजेड एका कागदावर पडला होता, आणि तो उजेड खाली कुणालाही दिसत नव्हता. ज्या दिव्याने कुणीतरी जेवणार होतं, त्या दिव्याशी कविता बसली होती.

*

खाली सुगंधा डोंगराकडे बघत होती.

नऊ वाजले. साडेनऊ वाजले. वैजूवहिनी कुंपणापाशी आल्या, हातात पाण्याचा तांब्या. "अगो सुगंधा, पंचांगात नऊ-सतरा दिलंय. मी दिलं अर्घ्य. तूही जेव की."

"पंचांगातला चंद्र पंचांगाला," सुगंधा म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "आमचा चंद्र आमचे हे सांगतात."

"अगो, पण रंग बघ तुझा."

"सड्यावर धुकं असेल. निवळलं की दाखवतील. कधी चुकलेत का?"

वैजूवहिनी घरात गेल्या, जेवल्या. त्या बाईला त्या जेवणाचा विसर पुढे कधी पडला नाही. काय करणार, विश्राम मयेकर कधी चुकला नव्हता हे तिलाही ठाऊक होतं.

सुगंधाला घाम सुटला. पौषाच्या थंडीत, अंगभर, गार घाम. हातापायांत मुंग्या आल्या. हाताच्या अंतरावर एकवीस मोदक होते. त्यांत गूळ होता. तिने फडकं बाजूला केलं, मोदकांकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं. डोंगर काळा होता. तिने फडकं पुन्हा झाकलं.

निरांजनात वात घालून ठेवली होती. काडेपेटी पदराखाली मुठीत होती. कंदील हलला की लावायचं म्हणून.

*

तेरा ओळी झाल्या. चौदावी येईना.

चौदावीशिवाय सुनीत म्हणजे कळसावाचून देऊळ. विश्राम थांबला. ओळ दाराशी उभी होती, आत येत नव्हती. तो डोळे मिटून बसला, डोळे उघडून बसला, चंद्राकडे बघून बसला. वेळ गेला. किती गेला ते त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. शेवटी कंदिलाची ज्योत काजळी धरू लागली, काच एका बाजूने काळी झाली, आणि त्या काळ्या काचेकडे बघता बघता त्याला आठवलं.

कंदील.

तो धावला. कड्याच्या टोकाशी गेला, कंदील हलवला. तीनदा. दहादा. खाली निरांजन लागलं नाही. आणि मग त्याने पाहिलं, की निरांजनाची गरजच उरली नव्हती. चंद्र डोंगर ओलांडून आपणहून त्याच्या अंगणात उतरला होता. तुळस लख्ख दिसत होती. खांब लख्ख दिसत होता. खांबाला टेकलेली ती लख्ख दिसत होती.

ठेचकाळत, करवंदीत ओरबाडून घेत, तो खाली आला तेव्हा चांदणं तिच्या तोंडावर, केसांवर, उघड्या तळहातावर पडलं होतं. डोळे उघडे होते. एकतीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो चंद्र समोर उभा होता आणि ती त्याला बघत नव्हती.

मुठीतली काडेपेटी घामाने भिजली होती.

डॉक्टर पहाटे आले. "साखर उतरली," ते म्हणाले. फडक्याखालच्या मोदकांकडे त्यांचं लक्ष गेलं. "यातला एक जरी पोटात..." म्हणाले, आणि विश्रामचा चेहरा बघून त्यांनी वाक्य तिथेच सोडून दिलं.

*

दहाव्या दिवशी खाडीकाठी पिंड ठेवला. कावळे होते, झाडावर बसून होते, खाली उतरत नव्हते. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघू लागले. सगळ्यांना ठाऊक असतं. कावळा शिवत नाही याचा अर्थ गेलेल्या जीवाचं काहीतरी राहिलंय.

वैजूवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तिचं काय राहिलंय ते मला ठाऊक आहे. तुमचं पुस्तक. सांगा तिला."

विश्राम पाण्याकडे तोंड करून म्हणाला, "सुगंधे, पुस्तक काढतो."

कावळा उतरला. पिंडाला शिवला. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि आंघोळीला गेले.

शब्द दिला गेला. पुढे तालुक्याच्या वाचनालयाचे तोडणकर सर भेटायला आले. सगळ्या वह्या, सगळी तिकिटं त्यांनी दोन दिवस बसून वाचली. त्या तेरा ओळींपाशी मात्र ते थांबले, चष्मा काढून पुसला. "विश्रामभाऊ, बाकीच्या कविता चांगल्या आहेत. पण पुस्तक उभं राहील ते हिच्यावर. ही पुरी करा. शेवटची ओळ मिळाली की वाचनालय पुस्तक छापतं. माझा शब्द."

म्हणजे एका शब्दाला दुसरा शब्द बांधला गेला, आणि दोन्हींच्या मध्ये ती एक ओळ.

विश्रामने ते पान पुन्हा उघडलं नाही. अकरा चतुर्थ्या आल्या आणि गेल्या. प्रत्येकीला त्याने उपास धरला, आणि एकदाही चंद्र पाहिला नाही. दार लावून बसायचा. दाराच्या फटीतून चांदण्याची रेघ आत आली की पाठ करून बसायचा. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर चूळ भरून काहीतरी खायचा. शेकडो चंद्र ज्याने वर्णिले, त्याला एक चंद्र सोसवेना.

*

पौष पुन्हा आला. पुन्हा मोहोराचा तोच वास, खाडीवर तीच दवधूसर शांतता, गवताचा तोच पिवळा. दुपारी वर्षश्राद्ध झालं. माणसं पांगली. महिनाअखेरीस पुस्तक छापायला जाणार, असा तोडणकर सरांचा निरोप तीनदा येऊन गेला होता.

दिवेलागणीनंतर विश्रामने खुंटीवरचा कंदील काढला. वर्षभर त्याला कुणी हात लावला नव्हता. वहीतलं ते एक पान त्याने अलगद सोडवलं, घडी करून खिशात घातलं.

वैजूवहिनी अंगणात होत्या. "कुठे निघालात भाऊजी?"

"ओळ आणायला."

"आणा," म्हणाल्या. "तिला शब्द दिलाय."

तो चढला. वाट तीच, करवंदी त्याच. गडग्याच्या आडोशाला बसून त्याने कंदील लावला. काचेवर गेल्या वर्षीची काजळी तशीच होती, त्या रात्रीची. राखुंडीने घासणारे हात नव्हते, फडकं नव्हतं. त्या काळवंडलेल्या उजेडात त्याने पान उघडलं आणि वर्षभरानंतर त्या तेरा ओळी पहिल्यांदा वाचल्या.

कविता चांगली होती.

हेच असह्य होतं. वाईट असती तर बरं झालं असतं. फाडून टाकली असती, कपाळ बडवून घेतलं असतं, असल्या कवितेपायी ती गेली म्हणून रडला असता. पण कविता चांगली होती. अर्थगर्भ, नादवती, चंद्राच्या अंगाने चंद्रापलीकडे जाणारी. आयुष्यभर जी मागितली तीच. आणि तिच्यात सुगंधा कुठेही नव्हती. तेरा ओळींत चंद्र होता, सडा होता, खाडी होती, अनंत होतं. खाली भुकेली बसलेली बायको एका अक्षरातही नव्हती. विश्रामने पानभर दोनदा शोधलं.

पूर्वेला केशरी आभा धरली. अग्निकण आला, वाढला, वर चढला. तोच ताम्रवर्ण, तीच भव्यता. जणू मधलं वर्ष झालंच नाही. चंद्राला काय, त्याला उगवायचं तेवढं ठाऊक. गवत रौप्य झालं. दगड उजळले.

आणि चौदावी ओळ आली.

आपल्या पायांनी चालत आली. दाराशी थांबली नाही, सरळ आत आली. पूर्ण, निर्दोष. जिच्यासाठी तो त्या रात्री बसून राहिला ती हीच. विश्रामने खिशातून पेन्सिल काढली. कागदावर टेकवली. एक ओळ लिहायची, मग पुस्तक, मग दिलेला शब्द पुरा. खाडीकाठचा कावळा साक्षी.

त्याने खाली पाहिलं.

अंधाराच्या विहिरीत त्याचं घर होतं. कावळा शिवला होता, पण ती जेवली नव्हती. पुस्तकासाठी नव्हती थांबली ती, कंदिलासाठी थांबली होती. आपण खाडीकाठी तिला भलताच शब्द दिला, हे विश्रामला तेव्हा कळलं. वरातीमागून घोडं, दुसरं काय. पण कळलं.

त्याने कंदिलाकडे पाहिलं. काच काळी होती. असल्या काचेतून खाली काय दिसणार.

पेन्सिल त्याने गवतात टाकली. वात बारीक केली, सदऱ्याच्या टोकाने धरून काच उतरवली. तोंडाजवळ नेऊन तिच्यावर श्वास सोडला. मग ते पान चुरगाळलं, चांगलं मऊ होईपर्यंत चुरगाळलं, आणि काचेच्या आत घालून फिरवू लागला. पहिली ओळ काजळीत गेली. दुसरी गेली. पेन्सिलीचं शिसं आणि त्या रात्रीची काजळी एकमेकांत मिसळली, कागद काळा होत गेला, काच निवळत गेली. चौदावी ओळ अजून त्याच्या जिभेवर होती. ती काय होती ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. काच पुसून होईपर्यंत ती त्याच्याही आठवणीतून उतरली.

सुगंधाने पुसली असती तशी लख्ख नाही झाली. पण झाली.

त्याने वात मोठी केली, काच चढवली, आणि कड्याच्या टोकाशी गेला. वारा होता. त्याने कंदील उंच धरला. उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे. एकदा, दोनदा, तीनदा.

थांबला. तुळशीकडे बघत राहिला.

पुन्हा हलवला. तीनदा. पुन्हा थांबला. हात भरून आला तेव्हा कंदील दुसऱ्या हातात घेतला आणि पुन्हा हलवला. वर चंद्र ताम्राचा सोन्याचा झाला, सोन्याचा रुप्याचा झाला. खाली अंगण काळं होतं. तो हलवत राहिला, थांबत राहिला, हलवत राहिला, कंदिलातलं तेल संपेपर्यंत.

मग चंद्र डोंगर ओलांडून आपणहून अंगणात उतरला. आधी कौलांवर, मग तुळशीवर, मग खांबावर, मग उंबऱ्यावर. सगळं लख्ख दिसू लागलं.

निरांजन लागलं नाही. खाली कुणी जेवायला बसलं नाही.